डाव्या बाजूची खुर्ची

लाइपझिग
२ सप्टेंबर २०२४

प्रिय अंबे,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून तू नवऱ्याला म्हणशील, 'बाईंना काहीतरी काम पडलेलं दिसतंय.' पडलंय.

११ जानेवारीला, शनिवारी, मी मुंबईत वाजवते आहे. फोर्टातल्या त्याच सभागृहात, जिथे आपण दोघी शाळेच्या गणवेशात लुडविना टीचरांच्या मागे बाल्कनीत बसायचो आणि तू आवळासुपारी चघळायचीस. एकटीचा पूर्ण कार्यक्रम आहे. मध्यंतरानंतर ए मेजरची मोठी सोनाटा. अकरा वर्षांनी मुंबईत वाजवणार आहे. विनीत म्हणून आयोजक आहेत, फार उत्साही माणूस, दिवसाला तीन निरोप पाठवतात.

एक गोष्ट तुझ्याकडे मागायची आहे. मी हल्ली पानं समोर ठेवून वाजवते. पूर्वी एकटीच्या कार्यक्रमात ते कमीपणाचं समजायचे, सगळं पाठ लागायचं. आता बरेच जण पानं ठेवतात. ती उलटायला तू बसशील का?

फोन करू नकोस. फोनवर माझं नीट बोलणं होत नाही. मी हाताने लिहीन आणि फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर. तुझं अक्षर बघून खूप दिवस झाले.

आईच्या वेळी आपल्यात जे झालं त्याबद्दल इथे लिहीत नाही. भेटल्यावर बोलू.

तुझी,
सुमेधा


लालबाग
१२ सप्टेंबर २०२४

सुमे,

मी अभयला तसं म्हटलं नाही. तो मला म्हणाला.

आज आमचे गौरी-गणपती पोचवले. घर रिकामं झालंय आणि बाहेर रस्ता माणसांनी भरलाय. कानात कापूस घालून लिहितेय, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर कापसाचा दोष.

तू काय मागितलंस ते कळलं. का मागितलंस ते कळलं नाही.

पान उलटण्याचे नियम टीचरनी आपल्याला एकाच दिवशी शिकवले होते. वाजवणारीच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत बसायचं. उठताना खुर्ची वाजू द्यायची नाही. डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा. पानाला बाकी कुठे हात लावायचा नाही. आणि ती जिथे जाईल तिथे मुकाट तिच्यामागे जायचं, चुकली तरी. दर एप्रिलला वर्षाचा मसाला कुटायला टीचर आमच्या डंकावर यायच्या, तिथून त्यांनी मला गिरगावात नेऊन पियानोसमोर बसवलं. माझ्या हाताला मिरचीचा खकाणा असायचा म्हणून तुझे डोळे चुरचुरायचे आणि तू तक्रार केली होतीस. टीचर तुलाच ओरडल्या होत्या. आठवतं ना?

पण पान उलटायला आज माणूस कशाला लागतो? माझ्या दादरच्या क्लासातली बारा वर्षांची मुलं टॅब्लेट ठेवतात, पायाने बटण दाबलं की पान जातं. माणूसच हवा असेल तर विनीत एखादी हुशार मुलगी शोधून देतील. मग लालबागची अंबिका कशाला?

काकूंच्या दहाव्याच्या आधी तू विमानात बसलीस तेव्हा मी जे बोलले, त्याची भरपाई म्हणून बोलावत असशील, तर नको. मी ते आजही मागे घेत नाही. शेवटची दोन वर्षं काकूंना मी कोण ते कळत नव्हतं, तरी मी गेले की माझा हात धरून बसायच्या. तू चार दिवस आलीस.

खरं कारण लिही. मग ठरवते.

अंबिका


लाइपझिग
२० सप्टेंबर २०२४

प्रिय अंबे,

तुझ्याइतकं माझं वाजवणं कोणी जवळून बघितलेलं नाही, हे कारण पुरे नाही का? टॅब्लेट मला जमत नाही. पायाला पेडल सांभाळायचं असतं, त्यात आणखी एक बटण नको.

खरं म्हणशील तर हा कार्यक्रम नीट व्हायलाच हवा. गेल्या वर्षभरात मी दोन कार्यक्रम ऐनवेळी रद्द केले. तब्येतीचं कारण सांगितलं. इथे कुजबुज आहे. मुंबईत बरं झालं तर ती थांबेल. नाही झालं तर पुढच्या वर्षीची माझी डायरी कोरी राहील. सत्तेचाळिसाव्या वर्षी कोऱ्या डायरीचं काय करतात, मला माहीत नाही.

सोबत सोनाटाच्या पहिल्या भागाच्या माझ्या प्रतीचे फोटो आहेत, अकरा पानं. खुणा बघून ठेव. पाचव्या पानाच्या शेवटी रिपीटची खूण आहे. तो आपण घेणार नाही, म्हणजे परत पहिल्या पानावर जायचं नाही, सरळ पुढे.

नाही म्हणू नकोस.

सुमेधा


लालबाग
१ ऑक्टोबर २०२४

सुमेधा,

खुणा बघितल्या.

आठव्या पानावर लाल पेन्सिलीने, मराठीत, अंगठ्याएवढ्या अक्षरांत: 'मधला भाग संपला. तो परत नाही.' नवव्या पानावर: 'आता दुसऱ्यांदा आलीस. वर जाऊ नकोस. पुढे शेवट आहे.' खाली बाण, बाणाला गोल.

मी डंकवाल्याची मुलगी आहे, कबूल. शिष्यवृत्ती एकच होती आणि ती तुला मिळाली, तेही कबूल. पण तेवीस वर्षं मी पियानो शिकवते आहे. चाल दुसऱ्यांदा येते तेव्हा ती कुठे वळते, हे मी दरवर्षी नव्या मुलांना दाखवते. नऊ वर्षांच्या मुलाच्या पुस्तकातसुद्धा मी असं लिहीत नाही, त्याला राग येईल म्हणून.

इतक्या लांबून पान उलटायला बोलावलंस, वर मला वाचता येत नाही असं धरून चाललीस. अभयला दाखवलं. तो म्हणाला, जाऊ दे, मोठी माणसं अशीच असतात. त्याला म्हटलं, ही मोठी नव्हती, हिच्या नाकातून शेंबूड गळताना मी बघितलाय.

विनीतना सांग, दुसरी शोधा.

अंबिका


लाइपझिग
३ ऑक्टोबर २०२४

अंबे,

ती अक्षरं तुझ्यासाठी नाहीत. माझ्यासाठी आहेत. इथे कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून मराठीत लिहिली.

मार्चमध्ये एका लहान गावात मी हीच सोनाटा वाजवली, पानांशिवाय. तुला माहीत आहे, पहिली चाल सुरुवातीला येते आणि मधला भाग झाल्यावर तशीच्या तशी परत येते. तेच सूर, तीच बोटं. मग एका जागी एकाच सुराचा फरक. पहिल्या वेळी चाल वर जाते आणि पुढे मधल्या भागाकडे नेते. दुसऱ्या वेळी ती खाली उतरते आणि शेवटाकडे जाते. मी दुसऱ्या वेळी वर गेले. त्यामुळे मधला भाग पुन्हा आला, आणि तो संपल्यावर पुन्हा तीच जागा. मी पुन्हा वर गेले. प्रत्येक वेळी मला वाटत होतं, इथे आत्ता पहिल्यांदाच आले आहे. शेवटी बोटांनीच कसं कोण जाणे बरोबर वळण घेतलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिमुद्रण करणारा माणूस नंतर हसत म्हणाला, हा भाग तेरा मिनिटांचा असतो ना, आज सव्वीस झाली. तो बोलला तेव्हा मला कळलं.

तपासण्या झाल्या. आईचं जे होतं तेच आहे. माझ्याकडे वीस वर्षं लवकर आलं. डॉक्टर म्हणतात, अजून सुरुवात आहे. फोनवर मी काय बोलले ते मला नंतर सापडत नाही, म्हणून पत्रं. कागदावरचं तरी सापडतं. माझ्या एजंटला माहीत नाही, विनीतना नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे.

टॅब्लेटचं बटण मीच दाबणार, आणि चुकणारी मीच. अनोळखी मुलगी टीचरांच्या नियमाने वागेल. मी वर गेले तर घाईने मागची पानं काढून देईल. मला उलटं हवंय. मी कुठेही गेले तरी तू जागा सोडू नकोस. मी तुझ्या पानावर आले पाहिजे.

दुसरं मागणं जास्त अवघड आहे. कार्यक्रम झाल्यावर मला सांगायचं, तू मला किती वेळा परत आणलंस. एकदाही नाही, तर मी पुढचे कार्यक्रम घेईन. एकदा जरी आणावं लागलं असेल, तर थांबेन. माझं मला ते कळणार नाही, अंबे. बाकी कोणी खरं सांगणार नाही.

सुमेधा


लालबाग
१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सुमे,

आठ दिवस लिहायला बसत होते आणि उठत होते.

तुझं पत्र मी डंकावर वाचलं. हल्ली डंक भाऊ बघतो, मी डबा द्यायला गेले होते. वाचता वाचता एक क्षण मला बरं वाटलं. शिष्यवृत्ती तुला मिळाली त्या एकोणिसाव्या वर्षापासून मनात कुठेतरी दाबून ठेवलेलं काहीतरी खरं झाल्यासारखं. मग स्वतःची लाज वाटली, आणि मी मागच्या खोलीत पोत्यांवर जाऊन बसले. भावाला वाटलं खकाणा गेला डोळ्यांत. हे मी तुला सांगितलं नसतं. पण तुला खरं सांगणारी बाई हवी आहे, म्हणून इथपासून सुरुवात.

बसेन मी. मागचं पत्र मागे घेते, शेंबूड सोडून.

माझ्या अटी ऐक. तू विचारशील तेव्हा मी खरं सांगेन, पण मग 'का सांगितलंस' असं म्हणायचं नाही. पत्रात काही दिसलं तर तेही सांगेन. वीस डिसेंबरपर्यंत इथे ये. दादरला माझ्या क्लासचा पियानो सकाळी अकरापर्यंत मोकळा असतो, रोज बसू. आणि विनीतना सांग. तू लिहितेस त्यावरून ते पोरगेलेसे असले तरी माणूस वाईट वाटत नाहीत. स्टेजवर काही झालं तर निदान एकाला आधी माहीत हवं.

मी रोज सराव करते. तुझं जुनं रेकॉर्डिंग लावते आणि पानं उलटते. अभयला सांगितलंय, मधूनच कुठेही मागे ने. का ते सांगितलेलं नाही. तो मजेत मागे नेतो आणि मी हलले की 'फसली, फसली' करतो. आता फारशी फसत नाही.

काकूंचा हात मी धरायचे तेव्हा त्या घट्ट धरायच्या, एवढं तुला सांगावंसं वाटलं.

अंबिका


लाइपझिग
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंबे,

अटी मान्य. फक्त विनीतना सांगणं सोडून. त्यांना आत्ता कळलं तर ते काळजीने तोंड पाडून बसतील आणि पंधरा जण विचारतील काय झालं. पानं ठेवणार हेच त्यांना कसंबसं पटवलंय. जाहिरातीच्या फोटोत पानं नकोत म्हणतात.

सराव बरा चाललाय. सकाळी डोकं स्वच्छ असतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई काल टोपलीभर सफरचंदं घेऊन वर आल्या. हातात हिरवी काठी, धाप लागलेली. म्हणाल्या, भिंतीतून ऐकते, आज फार छान वाजवलंत. मी त्यांना बसवून चहा दिला.

पहिला भाग गेल्या दोन आठवड्यांत एकोणीस वेळा वाजवला, पानं समोर ठेवून. सतरा वेळा बरोबर. दोन वेळा मध्येच थांबून मला बघावं लागलं मी कुठे आहे. पानं मीच उलटत होते, त्यामुळे ते धरायचं की नाही, तू ठरव.

झोप येत नाही. हॉल डोळ्यांसमोर येतो, आपली बाल्कनी, आणि खाली स्टेजवर मीच फिरते आहे, सगळे उठून गेले तरी. पण दिवसा बरी असते. काल खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई सफरचंदं घेऊन आल्या होत्या. निळी काठी टेकत, दमून. म्हणाल्या, भिंतीतून ऐकते, छान वाजवता. त्यांना चहा दिला, बसल्या थोडा वेळ.

१९ डिसेंबरला रात्री पोचते. गिरगावात विनीतनी खोली बघितली आहे.

सुमेधा


लालबाग
२१ नोव्हेंबर २०२४

सुमे,

सफरचंदांचं तू दोनदा लिहिलंस. दुसऱ्यांदा काठीचा रंग वेगळा होता. सांगायचं ठरलंय म्हणून सांगते.

हे लिहून पाठवायला मला दोन दिवस लागले. जानेवारीत स्टेजवर मला दोन सेकंदही मिळणार नाहीत, हे आज पुरतं कळलं.

सतरा हा आकडा चांगला आहे. ये लवकर.

अंबिका


गिरगाव
८ जानेवारी २०२५

अंबिका,

तीन आठवडे रोज भेटतोय आणि तरी कागद घेऊन बसले, कारण हे तोंडावर नीट बोलता येणार नाही.

आज सभागृहात जे केलंस ते पुन्हा करायचं नाही. पाचव्या पानाच्या शेवटी मी परत पहिल्या पानावर जात होते. तू पान पुढे टाकलंस आणि त्यावर नजर रोखून बसलीस. मला हात उचलावे लागले. समोर विनीत, बाजूला पियानो लावणारे गृहस्थ. विनीतनी विचारलं, 'बाई, काही प्रॉब्लेम?' आणि मला हसून वेळ मारून न्यावी लागली.

मी रिपीट मुद्दाम घेत होते. हॉलचा आवाज बघायला. कलाकाराला तेवढी मुभा असते. दादरला तीन आठवड्यांत मी एकदाही चुकले नाही, हे तूच म्हणालीस. आणि तू माझ्याकडे अशी बघतेस, जशी दूध उतू जायची वाट बघतात.

चुकेन या भीतीने नाही, तुझ्या भीतीने मी शनिवारी चुकेन. विनीतना टॅब्लेट सांगितला आहे. तुझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते.

सुमेधा


लालबाग
९ जानेवारी २०२५

सुमे,

रिपीट घेणार नाही, हे तू २० सप्टेंबरच्या पत्रात लिहिलं होतंस. पाचव्या पानाच्या तळाशीही तुझ्याच लाल पेन्सिलीने 'नाही' लिहिलंय. दोन्हीचे फोटो सोबत.

तू मुद्दाम घेत होतीस म्हणतेस. असेलही. मी तुझ्या डोक्यात बसलेली नव्हते. रात्रभर मला तेच खात होतं. तू बरोबर होतीस आणि मीच तुला थांबवलं असेल, तर शनिवारी पाचशे लोकांसमोर मी तुझा कार्यक्रम मोडू शकते. तू मोडणार नाहीस, मी मोडेन. ही भीती माझी, तुझ्या भीतीपेक्षा वेगळी. दुधाची उपमा बरोबर आहे.

अभयला काल सगळं सांगितलं. क्षमा कर, मला कोणालातरी सांगावं लागलं. त्याने पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, 'मग मला मागेपुढे करायला लावत होतीस ते हे होय.'

शनिवारी पाच वाजता मी स्टेजच्या मागच्या दाराशी येते, काळी साडी नेसून. पहिल्या रांगेत बसणार नाही. पियानोच्या डावीकडे खुर्ची दिसली तर तिच्यावर बसेन. नाही दिसली तर बस पकडून घरी येईन. त्यावर भांडण नाही.

एकच सांग, मला नाही, स्वतःला. बुधवारी तू मुद्दाम परत गेलीस, की ते नंतर ठरवलंस?

अंबिका


लालबाग
१३ जानेवारी २०२५

सुमे,

खुर्ची होती. टॅब्लेट नव्हता. मी बसले.

शनिवारी आत आल्याबरोबर तू माझं मनगट धरून विचारलंस, 'किती?' तेवढ्यात विनीत फुलं घेऊन आले, मागे माणसं आली, आणि मी म्हटलं, मग सांगते. काल तुझा निरोप आला. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, तीन शहरं, बुधवारी सही. म्हणून आज लिहायलाच हवं.

'एकदाही नाही' असं लिहिलेलं एक पत्र मी काल पुरं केलं होतं. फार चांगलं उतरलं होतं. अभयला वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'पाठव. कोणाचं काय जातंय?' मग तोच म्हणाला, 'पण तिने तुलाच का विचारलं मग?' ते फाडलं.

एकदा.

नवव्या पानावर. तू चालीत दुसऱ्यांदा आलीस आणि तुझा उजवा हात वर निघाला. खांदा आधी वळला, त्यावरून मला कळलं. मी उभी होते. पानाला हात लावायचा नाही हा टीचरांचा नियम मी मोडला, त्या जागेवर बोट ठेवलं आणि काढलं नाही. तू बोटाकडे बघितलंस. हात हवेत थांबला. अर्धा ठोका असेल. मग तू खाली उतरलीस.

तिथून पुढे तू जे वाजवलंस, तसं मी कधी ऐकलेलं नाही, तुझंही नाही. मी ऐकत राहिले आणि पुढचं पान उलटायला मला उशीर झाला. पुढच्या पानावरचे पहिले चार बार तू न बघता वाजवलेस. ती चूक माझी, ती मोजायची नाही.

विनीत म्हणत होते, शेवटाच्या आधीच्या त्या विरामाने अंगावर काटा आला. सगळ्यांना वाटलं, तू तो ठरवून घेतलास. कोणालाही काही कळलेलं नाही. तू विचारलं नसतंस तर मी हे बरोबर घेऊन गेले असते. पण विचारलंस.

मी उद्या दिवसभर घरी आहे.

अंबिका


गिरगाव
१४ जानेवारी २०२५

अंबिका,

खोटं बोलतेस.

तो विराम माझा होता. मला पान आठवतं. हॉलमधली शांतता आठवते, कोणीतरी खोकला दाबल्याचं आठवतं. बोट नव्हतं. तिथे कोणाचंही बोट नव्हतं.

तुला बरं वाटलं होतं, तूच लिहिलंस दसऱ्याला, माझ्याकडे आहे ते. एका शिष्यवृत्तीसाठी अठ्ठावीस वर्षं थांबलीस आणि मीच माझं वाजवणं तुझ्या हातात दिलं, ने म्हटलं. आईचा हात धरून तू बसायचीस, तेही मला दाखवायलाच.

उद्या मी सही करते आहे. लिहू नकोस, येऊ नकोस.

सुमेधा


गिरगाव
१७ जानेवारी २०२५

प्रिय अंबे,

आज सकाळी फोनवर तुझ्या तेरा तारखेच्या पत्राचा फोटो दिसला. मला वाटलं, आत्ताच आला. उभ्यानेच वाचला. 'एकदा' या शब्दाशी आले तेव्हा वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. सांगितलंस तू. उत्तर लिहायला बसले आणि फोनवर जरा खाली गेले, तर त्याच्याखाली माझं उत्तर होतं. मंगळवारचं.

अक्षर माझं आहे. 'दाखवायलाच' मधला 'द' मी असाच काढते. मी ते तीनदा वाचलं. असं मी तुला लिहिलं हे मला आठवत नाही, आणि ते लिहिणारी बाई मला आवडली नाही. क्षमा मागू का, कळत नाही. मी जे केल्याचं मला माहीत नाही त्याची क्षमा कशी मागतात? मागते.

मग विनीतना फोन करून विचारलं, मी बुधवारी सही केली का? ते हसले. म्हणाले, 'बाई, सही केलीत, वर दोन पेढे पण खाल्लेत.'

त्यांना बोलावून घेतलं. खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं, मार्चपासून. तुझं पत्र दाखवलं. माझंही दाखवलं, ते दाखवताना लाज वाटली. त्यांनी तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं. तो विराम त्यांना इतका आवडला होता ना, मला वाटतं ते त्याचाच विचार करत असावेत. शेवटी म्हणाले, 'लोकांना काय सांगू?' मी म्हटलं, आहे ते सांगा. त्यांनी करार माझ्यासमोर फाडला. एजंटला मी लिहिलं, पाच ओळी. त्या विनीतनी वाचून बघितल्या आणि मी त्यांच्यासमोरच पाठवल्या.

खरं सांगायचं तर मला अजून बोट दिसत नाही. डोळे मिटून ते पान समोर आणलं, आणखी एकदा आणलं. लाल अक्षरं दिसतात, बाण दिसतो, बोट नाही. मंगळवारी त्या बाईलाही दिसलं नव्हतं. तिने स्वतःचं खरं धरलं, आज मी तुझं धरते आहे. उद्या कोणाचं धरेन, याची मला खात्री देता येत नाही. आठ तारखेला मी मुद्दाम परत गेले की ते नंतर ठरवलं, या तुझ्या प्रश्नाचंही हेच उत्तर आहे. मला माहीत नाही.

म्हणून विनीतच्या हाती एक कागद पाठवते आहे. त्यावर लिहिलंय: 'मी, सुमेधा चिंतामणी राजाध्यक्ष, जाहीर वादन थांबवलं आहे. हे मी १७ जानेवारी २०२५ रोजी, सकाळी, पूर्ण समजून ठरवलं आहे.' खाली माझी सही, साक्षीदार म्हणून विनीतची. तो तुझ्याकडे राहू दे. मी पुन्हा कोणाला हो म्हटलं, तर माझ्यासमोर धर. मी नाकारेन. तुला खोटारडी म्हणेन, आणखीही काही म्हणेन, मंगळवारी म्हटलं तसं. ते म्हणून होऊ दे आणि परत दाखव.

कागद माझ्या हातात मात्र देऊ नकोस. मी फाडेन. लांबून दाखव.

तुझी,
सुमेधा